आमच्या आळीची सरासरी

घरोघरच्या पाहणीचा आदेश शाळेत आला, तेव्हा मुख्याध्यापकांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बाई, तुमचं काम सोपं झालं. तुमचंच गाव आलंय." मलाही बरं वाटलं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे आणि त्यातून अंग काढून घ्यायची माझी इच्छा नाही.

मी नायगाव पूर्वेला एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. लग्नानंतर विरारला मनवेलपाड्यात राहायला गेले, पण जन्म नायगावच्या खाडीकाठचा. आमची आळी म्हणजे तीसेक घरं, एक गावदेवीचं देऊळ आणि देवळाला लागून सभामंडप. आळीसमोर आमची खाजणं होती, खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली भातजमीन. आता तिथे तीन टॉवर आहेत. त्यांना परदेशातल्या शहरांची नावं दिली आहेत. आमच्या आळीतल्या बायका ती नावं न घेता पहिला, मधला आणि शेवटचा एवढंच म्हणतात.

पाहणीत प्रत्येक घरातली माणसं मोजायची होती. कोण कुठून आलं, काय काम करतं, महिन्याचं उत्पन्न कुठल्या चौकटीत बसतं, ते विचारून खूण करायची. आळी आणि तीन टॉवर मिळून माझा एक गट होता. असा गट कोणी आखला असेल, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. नकाशावर सगळं एकमेकांना चिकटूनच दिसत होतं.

टॉवरपासून सुरुवात केली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझा फोटो काढला, मोबाईलवरून वर परवानगी मागितली आणि मला वीस मिनिटं उन्हात उभं केलं. मी उभी होते ती जागा आमच्या वरच्या शेताची. तिथे मी लहानपणी भाताच्या रोपांचा आवण लावला आहे. त्या माणसाला हे सांगून काही उपयोग नव्हता. तो उत्तरेतल्या कुठल्याशा गावातून आलेला, बारा तास उभं राहण्याची नोकरी करत होता.

आत गेल्यावर एकेक दार उघडू लागलं. लांबून मला ती घरं सारखीच वाटायची. आत तसं काही नव्हतं. एका घरात कॉल सेंटरमध्ये काम करणारी पाच मुलं गाद्या टाकून राहत होती. एका घरात कोकणातली एक विधवा बाई, मुलगा परदेशी, जेवण डब्याचं. एकीने दाराची साखळी न काढता फटीतूनच सांगितलं, "साहेब घरी नाहीत, नंतर या." आणि कितीतरी दारं बंदच. बेल वाजवली की शेजारचं माणूस डोकावून म्हणायचं, "इथे कोणी राहत नाही. घेऊन ठेवलंय नुसतं."

मधल्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर एका गृहस्थांनी दार उघडलं. चाळिशी ओलांडलेले, मूळचे देशावरचे, बायको स्वयंपाकघरात आणि मुलगी समोर टेबलावर अभ्यास करत बसलेली. मला त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला. कामाच्या रकान्यात त्यांनी 'खासगी नोकरी, अंधेरी' असं सांगितलं. उत्पन्नाचं विचारलं तेव्हा पेन माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच वरून दुसऱ्या चौकटीत खूण केली. मी निघाले तर माझ्या मागोमाग लिफ्टपर्यंत आले.

"मॅडम, ते खरं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "आमची कंपनी बंद झाली. अकरा महिने झाले. घरात अजून सांगितलेलं नाही. मुलीसमोर बोलता आलं नाही."

"मग तुम्ही रोज..."

"रोज निघतो. बॅग घेऊन. वसईला पाचूबंदरावर जाऊन बसतो. मासळीचा लिलाव संपला की किल्ल्यात. तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही." लिफ्टचं बटण दाबत ते म्हणाले, "तुम्हाला खोटं लिहायला लावलं, म्हणून सांगितलं. पण राहू द्या तसंच."

मी म्हणाले, "असू दे. काही फरक पडत नाही."

हे शब्द मी अगदी चांगुलपणाने बोलले होते. आज आठवले तरी स्वतःचं तोंड फोडावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी आळीत गेले. सगळ्यात आधी काकीकडे. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको ती. आई गेल्यानंतर मला वेणीफणी करून शाळेत पाठवायची ती हीच. जमीन गेली तेव्हा काकाच्या हातात एकदम इतके पैसे आले की काय करायचं ते त्याला कळेना. स्लॅबचं घर बांधलं, गाडी घेतली, दोन मुलींची लग्नं तीन-तीन दिवस चालली. मग काकाच्या किडन्या गेल्या आणि उरलंसुरलं दवाखान्यात गेलं. काका गेला तेव्हा स्लॅबचं घर तेवढं शिल्लक होतं. त्यानंतर काकी टॉवरमध्ये भांडी-लादी करायला जाऊ लागली. शेवटच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर दोन घरं. कामवाल्या बायकांसाठी तिथे वेगळी लिफ्ट आहे, कचऱ्याचे डबे जातात तीच.

"काम काय लिहू?" मी विचारलं.

काकी चहा गाळत होती. "शेती लिव."

"काकी, शेती कुठे आहे आता?"

"नसंल. पन मी शेतकऱ्याची बायको हाय. भांडी घासते असा नको लिवू, बाय. कागुद कोनाच्या हातात जातंय आपल्याला काय ठावं."

मी शेती लिहिली. उत्पन्नाच्या रकान्यात तिने सांगितलं ते खालून दुसऱ्या चौकटीत बसत होतं. तिला तेवढे मिळत नाहीत हे मला माहीत होतं. आळीतल्या बहुतेक घरांनी असंच केलं. ज्याची रिक्षा होती त्याने 'धंदा' लिहायला लावलं, जो कंत्राटावर गटारं साफ करायचा त्याने 'नोकरी'. कोणाला गरीब म्हणवून घ्यायचं नव्हतं. समोर काचेच्या खिडक्या चमकत असताना तर नाहीच.

कागद घेऊन मी कार्यालयात गेले. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, एकाच कार्यालयाची ही गोष्ट आहे असं मला वाटत नाही. तिथले साहेब माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला अतिशय गोड. त्यांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "मॅडम, इतकी घरं रिकामी सोडून कसं चालेल?"

"बंद आहेत. कोणी राहत नाही."

"मालक कोणी तरी आहेच ना? फ्लॅट दोन खोल्यांचा असेल तर वरून तिसरी चौकट, मोठा असेल तर वरून दुसरी. असंच भरायचंय. सगळे भरतायत."

मी भरलं. शाळा सुटल्यावर दोन संध्याकाळी बसून ज्या घरांत चूल पेटत नव्हती, दिवा लागत नव्हता, त्या घरांना मी उत्पन्न लावलं. काकीचं स्लॅबचं घर आणि शेती एकत्र पाहून साहेबांनी तिची खूण स्वतःच्या पेनाने एक चौकट वर नेली. "शेतकरी आणि पक्कं घर. खाली कशाला दाखवताय?" प्रत्येक पानाखाली सही केली. परत शाळा, मुलांच्या चाचण्या, घरचं, यात मी ते सगळं विसरून गेले.

दर गुरुवारी आमच्या गावदेवीच्या सभामंडपात फिरता दवाखाना यायचा. एक डॉक्टर, एक नर्स, गाडीत औषधांची खोकी. रक्तदाब आणि साखर तपासायची, आठवड्याच्या गोळ्या फुकट द्यायच्या. आळीतल्या म्हाताऱ्या त्या दिवशी सकाळपासूनच मंडपात जागा धरून बसायच्या. टॉवरमधल्या कामवाल्या, पहारेकरी आणि ती कोकणातली विधवा बाईसुद्धा यायची.

पाहणीनंतर चारेक महिन्यांनी काकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बेस्तरवारी गाडी आली नाय. मागच्या बेस्तरवारी पन नाय."

"येईल. सुट्टीबिट्टी असेल," मी म्हणाले.

गाडी आली नाही. पुढे देवळाच्या भिंतीला एक कागद चिकटवलेला दिसला. हा भाग आता मध्यम उत्पन्नाचा ठरल्यामुळे फिरता दवाखाना दुसरीकडे नेला आहे, असं त्यावर होतं. मी तो उभ्या उभ्या वाचला, तेव्हा त्या पानांखालच्या माझ्या सह्या आठवल्या. तरी तेव्हासुद्धा कुठे गेले नाही. काकीला म्हणाले, "गोळ्या दुकानातून आणत जा. मी पैसे देत जाईन." ती म्हणाली, "हाय गो माझ्याकडं. तू नको काळजी करू." मी तिच्या त्या बोलण्यावर विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं.

नंतर कळलं की ती एका गोळीचे दोन तुकडे करत होती. मग एक दिवसाआड. मग चक्कर आली तर.

एका सकाळी मी वर्गात होते तेव्हा फोन आला. अकराव्या मजल्यावर भांडी घासताना काकीच्या हातातून कुकर पडला. तिने उचलला, परत पडला. घरच्या बाईंना वाटलं, लक्ष नाही हिचं. त्यांनी तिला घरी जाऊन आराम करायला सांगितलं आणि लिफ्टपर्यंत सोडलं. काकी अकरा मजले एकटी खाली आली. खाली पहारेकऱ्याने तिचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं. मला ज्याने उन्हात उभं केलं होतं, तोच तो. त्याने तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, रिक्षा बोलावली आणि नोकरीची जागा सोडून तिच्याबरोबर हॉस्पिटलपर्यंत गेला. त्याबद्दल त्याला त्या दिवशी बोलणी बसली.

काकी वाचली. डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणं जड झालं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्याने झालं असणार. चौथ्या दिवशी अकराव्या मजल्यावर दुसरी बाई कामाला लागली.

मी रजा टाकली आणि कार्यालयात गेले. साहेबांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

"आमची आळी मध्यम उत्पन्नाची कशी ठरली?"

"मॅडम, आम्ही काही ठरवत नाही. सगळ्या गटाची सरासरी निघते. तुमचा गट चांगला निघाला."

"आळीतली घरं आणि टॉवरमधली घरं एकत्र करून?"

"गट एकच आहे ना."

"आणि बंद घरं? त्यांत माणसंच नाहीत. त्यांना उत्पन्न लावायला तुम्ही सांगितलं होतं."

साहेब अजूनही तसेच गोड हसत होते. "मी सांगितलं असं लेखी कुठे आहे का?" मग त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि उघडून माझ्याकडे फिरवली. "ही सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. प्रत्येक पानावर. वळणदार, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर करते तशी.

"आणि मॅडम," ते म्हणाले, "गाडी काही आम्ही घरी नेली नाही. विरारला तुमच्या मनवेलपाड्याच्या मागेच जाते आता. तिथेही गरीबच आहेत."

त्या क्षणी मला जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नव्हता. मनवेलपाड्याच्या मागची ती वस्ती मी रोज पाहते. तिथल्या लोकांना दवाखाना मिळाला याचं मला वाईट वाटावं, अशी वेळ या माणसाने माझ्यावर आणली होती. एका म्हातारीच्या हातातली गोळी काढून दुसरीला द्यायची आणि त्याला कामकाज म्हणायचं. मी म्हणाले, "तिथे दुसरी गाडी द्यायला कोणी अडवलं होतं तुम्हाला?" पुढच्या माणसाला त्यांनी आत बोलावलं.

मग मी परत दारोदार फिरायचं ठरवलं, या वेळी स्वतःच्या कागदावर. खरं काम काय, खरं उत्पन्न किती, ते लिहून खाली घरच्या माणसाची सही घ्यायची आणि अर्जाला जोडायची. सगळ्यात जास्त राग मला या फेरीत माझ्याच माणसांचा आला. माझा चुलतभाऊ, तो गटारं साफ करणारा, काकीचा सख्खा पुतण्या, सही करायला तयार नव्हता.

"पोरीचं जमवायचं चाललंय. पावने इचारतील. कमी उत्पन्नवाले असा सही करून देऊ?"

"अरे, काकीकडे बघ एकदा."

"बगतोय ना रोज. मीच उचलून बसवतो तिला," तो म्हणाला. सही मात्र केली नाही. त्याच्या बायकोने केली, दुसऱ्या दिवशी, शाळेत येऊन.

टॉवरमध्ये मला सोसायटीच्या सचिवांनी आतच सोडलं नाही. "सरकारी पत्र आहे का? नाही ना? मग रहिवाशांना त्रास देता येणार नाही." ते म्हणाले, आमच्या इमारतीत कमी उत्पन्नवाले कोणी नाहीत, असं लिहून घ्या हवं तर.

फाटकाबाहेर मी कागद पिशवीत भरत होते तेव्हा सातव्या मजल्यावरचे ते गृहस्थ रिक्षातून उतरले. बॅग खांद्याला, बुटांना वाळू. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. काकीचं, गाडीचं, बंद घरांचं, आणि त्यांच्या त्या खुणेचंही. मला त्यांना टोचायचं नव्हतं असं म्हणणार नाही. टोचायचंच होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कार्यालयात लोकांना भेटायचा दिवस कुठला?"

त्या दिवशी ते माझ्याआधी येऊन बसले होते. टॉवरचे सचिवही पाण्याच्या टँकरची तक्रार घेऊन आले होते. आमची पाळी आली तेव्हा साहेबांच्याही वरच्या एक बाई टेबलावर होत्या. मी अर्ज दिला, बोलायला सुरुवात केली आणि माझा आवाज चिरका झाला. बाई म्हणाल्या, शांतपणे सांगा. तेव्हा ते गृहस्थ उभे राहिले.

"मी सांगतो. मी मधल्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. तुमच्या कागदात माझं उत्पन्न वरून दुसऱ्या चौकटीत आहे. ते खोटं आहे आणि ते मी लिहायला लावलं. मला सव्वा वर्षाहून जास्त झालं, पगार नाही. माझ्या मजल्यावरच्या चार घरांपैकी दोन बंद आहेत. त्यांच्याही नावावर उत्पन्न लिहिलंय. राहता राहिलं एक घर. त्या एका घराच्या पगारावर तुम्ही आमचा अख्खा मजला श्रीमंत केलाय."

खोलीत बरीच माणसं होती. सचिव मोबाईलमध्ये बघत राहिले. बाईंनी फाईल मागवली, पानं उलटली, साहेबांकडे पाहिलं. साहेब पहिल्यांदाच हसत नव्हते.

बाहेर आल्यावर मी त्या गृहस्थांना म्हणाले, "आता घरी कळेल तुमच्या."

"काल रात्री सांगितलं," ते म्हणाले. "बायकोला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. बुटांत वाळू असायची, कपड्यांना मासळीचा वास यायचा. मी सांगेन म्हणून थांबली होती."

त्यांनी पुढे फ्लॅट विकला. आता ते मनवेलपाड्यात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे चाळीतल्या खोलीत भाड्याने राहतात, एका गोदामात हिशेबनीस आहेत. मुलगी कधीमधी माझ्याकडे गणित विचारायला येते. त्यांच्या जाण्याने टॉवरमधलं आणखी एक घर बंद झालं. ज्याने घेतलं तो राहायला आलेला नाही.

पाहणीचे कागद बदलले नाहीत. ते वर गेले होते आणि वर गेलेलं खाली येत नाही, असं मला सांगण्यात आलं. अजूनही आमची आळी मध्यम उत्पन्नाचीच आहे. विशेष बाब म्हणून गाडी मात्र परत सुरू झाली, आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. डॉक्टर येत नाहीत, नर्स एकटी येते.

पहिल्या गुरुवारी काकीला चुलतभावाने खुर्चीसकट उचलून मंडपात आणलं. मी शाळेतून मधल्या सुट्टीत गेले होते. नर्सने पट्टा बांधला, आकडा पाहिला, जुनं कार्ड चाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, मध्येच गोळ्या बंद केल्यात? असा निष्काळजीपणा करतात का? बघा काय करून घेतलंत."

काकी काहीतरी बोलू लागली, पण शब्द तोंडातच अडकले. मी पुढे झाले. आवाज चढला माझा. मी म्हणाले, तिने बंद नाही केल्या, तुम्ही केल्या. तुमची गाडी तुम्ही नेलीत, माझ्या सहीने नेलीत, आणि निष्काळजी कोणाला म्हणता. आणखीही बरंच काही बोलले. नर्स कोवळी पोरगी होती. तिचे डोळे भरून आले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, नव्यानेच लागली होती.

काकीने उजव्या हाताने माझा पदर धरून मला मागे ओढलं. तिचं बोलणं आता फक्त आम्हालाच कळतं.

"तिला नको बोलू," ती म्हणाली. "ती आलीय तरी."

मी नर्सची माफी मागितली आणि गोळ्यांची पुडी घेतली. राग मात्र गेला नाही. तो घेऊनच शाळेत परतले, पाढे घेतले, आणि मुलांवर निघू नये म्हणून फळ्याकडे तोंड करून बराच वेळ लिहीत राहिले.